व्हीआरमधला गुन्हा: पुरावा कुठे असतो, कलम कोणतं लागतं, तक्रार कशी करायची

व्हीआर, म्हणजे आभासी वास्तवाचा, हेडसेट घालून तुम्ही आभासी जगात उतरता तेव्हा त्या यंत्राच्या लेखी तुमचं शरीर म्हणजे तीन बिंदू असतात: डोकं आणि दोन हात. ते खोलीत कुठे आहेत आणि कुठे वळले आहेत, हे हेडसेट सेकंदाला साधारण ७२ ते ९० वेळा मोजतो. या मोजणीतले आकडे आणि तुमचा आवाज कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तिथून तो त्याच आभासी खोलीतल्या बाकी लोकांच्या हेडसेटमध्ये पोचतो आणि त्यांना तुमचा अवतार, म्हणजे तुमची आभासी बाहुली, बोलताना, हात हलवताना दिसतो. एवढं झालं की सर्व्हरचं काम संपतं. हे आकडे सहसा कुणी साठवून ठेवत नाही. प्रत्येकाच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवायची तर खर्च प्रचंड होतो, शिवाय खासगीपणाचाही प्रश्न येतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी घाणेरडा मेसेज पाठवला तर तो फोनमध्ये पडून राहतो, महिन्याने पोलिसांना दाखवता येतो. व्हीआरमध्ये कोणी अंगाशी झोंबलं, कानाशी येऊन अश्लील बोललं, तर मागे सहसा काहीच उरत नाही. व्हीआरमधल्या गुन्ह्यांचा तपास अवघड जातो तो मुख्यतः यामुळे. ‘यासाठी कायदाच नाही’ असं सर्रास बोललं जातं, पण कायदा बऱ्यापैकी आहे. कमतरता असते ती पुराव्याची. तो टिकवण्याची संधी पहिल्या काही मिनिटांत असते आणि तेव्हा जवळ पोलीस नसतात. हेडसेट घातलेली व्यक्ती आणि तिच्या घरचे, एवढेच असतात.

एक उदाहरण धरून चालू. नाशिकच्या इंदिरानगरमधली सोळा वर्षांची मुलगी. काकांनी परदेशातून आणलेला हेडसेट घालून ती रात्री व्हीआरचॅटसारख्या एखाद्या जगात मैत्रिणींशी गप्पा मारते आहे. तीन अनोळखी अवतार येतात, तिच्या अवताराला कोपऱ्यात घेरतात, अंगाला हात लावल्यासारख्या हालचाली करतात आणि तोंडाने अश्लील बोलतात. ती ‘लांब व्हा’ म्हणते, ते हसतात. एक जण सातारचा असेल, दुसरा ब्राझीलचा, सर्व्हर अमेरिकेत. यात गुन्हा आहे का, कोणता, आणि नाशिकच्या ठाण्यात तो नोंदवता येतो का?

अशा तक्रारी नव्या नाहीत. १९९३ मध्ये लॅम्डामू नावाच्या, फक्त मजकुरावर चालणाऱ्या आभासी घरात एका सदस्याने इतरांच्या पात्रांवर लैंगिक अत्याचार झाल्याचं लिहून दाखवलं होतं. पडद्यावर नुसती अक्षरं होती, तरी ज्यांच्या पात्रांवर ते लिहिलं गेलं त्या माणसांना धक्का बसला. फेसबुकची मालक कंपनी मेटाने डिसेंबर २०२१ मध्ये होरायझन वर्ल्ड्स हे आपलं व्हीआर जग अमेरिका-कॅनडात खुलं केलं. त्याआधी चाचणीच्या काळातच एका महिलेने तिथे आपल्या अवताराशी लगट झाल्याची तक्रार केली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने दोन अवतारांमध्ये सुमारे ४ फुटांचं अंतर राखणारी अदृश्य हद्द घातली. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये सोळा वर्षांखालील एका मुलीच्या अवतारावर झालेल्या सामूहिक लैंगिक अत्याचाराचा तपास पोलीस करत असल्याची बातमी आली. मुलीला शारीरिक इजा झाली नव्हती. मानसिक त्रास मात्र तसाच झाला होता.

‘हेडसेट काढून ठेवायचा ना मग’ असं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. अवताराचे हात तुमच्याच हातांबरोबर हलतात. मागून आलेला आवाज मागूनच ऐकू येतो. मोबाइलच्या पडद्यावरून नजर हटवता येते, इथे मान कुठेही वळवली तरी समोर तेच जग असतं. त्यामुळे मेंदू ही घटना स्वतःवर आलेल्या प्रसंगासारखीच नोंदवतो. घाबरलेला माणूस थिजतो आणि थिजलेल्या माणसाला हेडसेट काढणंही काही सेकंद सुचत नाही. त्या मुलीला दोष देण्यात अर्थ नाही.

कलमं कोणती?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. बलात्काराचं कलम ६३ इथे लागत नाही, कारण त्याला प्रत्यक्ष शरीर लागतं. विनयभंगाचं कलम ७४ लावायला ‘हल्ला’ किंवा ‘फौजदारी बळ’ लागतं. कलम १२८ मधली बळाची व्याख्या शरीराची हालचाल, शरीराला झालेला स्पर्श यांभोवती फिरते. दूर बसलेल्या माणसाने अवतारातून केलेली हालचाल त्यात बसवणं कठीण आहे. बाजारात आता हॅप्टिक जॅकेट मिळतात. समोरच्याच्या अवताराने हात लावला की ही जॅकेटं छातीवर, पाठीवर थरथरतात. म्हणजे गुन्हेगाराच्या कृतीने एक वस्तू हलते आणि ती पीडितेच्या अंगाला लागते. हे बळ मानायचं की नाही, हा प्रश्न न्यायालयात नीट लढवण्यासारखा आहे. पण फिर्याद केवळ त्याच्यावर उभी करू नये.

हातात पक्की असलेली कलमं वेगळी आहेत. कलम ७९ स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने उच्चारलेले शब्द, काढलेला आवाज, केलेले हावभाव किंवा दाखवलेली वस्तू यांना लागतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ‘हावभाव’ हा शब्द इथे फार उपयोगी पडतो, कारण अवताराच्या हाताचा हावभाव हा त्यामागच्या माणसाच्याच हाताचा असतो, यंत्राने मोजून पोचवलेला. कलम ७५ लैंगिक छळाचं. त्यात लैंगिक शेरेबाजी आणि इच्छेविरुद्ध अश्लील साहित्य दाखवणं येतं. कलम ७८ पाठलागाचं. स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, किंवा स्त्रीच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं, असं त्याचं स्वरूप आहे. म्हणून व्हीआरमध्ये त्रास देणाऱ्याला एकदा मोठ्याने, स्पष्ट ‘नको’ म्हणणं कायद्याच्या दृष्टीनेही कामाचं असतं.

याच्या जोडीला माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. अश्लील मजकुराला कलम ६७, उघड लैंगिक कृतीच्या चित्रणाला ६७अ, दुसऱ्याची ओळख वापरली तर ६६क, तोतयेगिरी करून फसवलं तर ६६ड. तुमच्या ओळखीच्या कुणाचा चेहरा लावलेला अवतार करून पैसे मागितले, तर ही शेवटची दोन लागतात. कलम ६६अ मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलं आहे. फिर्यादीत ते कुणी घातलं तर तिथल्या तिथे काढायला सांगा.

आपल्या उदाहरणातली मुलगी अठराच्या आतली आहे, म्हणून पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, लागतो आणि इथे तो सगळ्यात भक्कम आहे. पोक्सोचं कलम ११ लैंगिक हेतूने उच्चारलेला शब्द, आवाज, हावभाव यांना लागतं. इलेक्ट्रॉनिक किंवा डिजिटल साधनाने मुलाचा वारंवार पाठलाग किंवा संपर्क करणंही त्यात आहे. त्याची शिक्षा कलम १२ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत. मुलगा असो की मुलगी, कायदा एकच. कलम ७ मात्र शारीरिक संपर्क मागतं. नागपूर खंडपीठाच्या निकालावरून गाजलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सांगितलं की त्वचेला त्वचा लागलीच पाहिजे असं नाही, लैंगिक हेतू महत्त्वाचा. तरीही तिथे कपड्यांवरून का होईना, प्रत्यक्ष स्पर्श होता. व्हीआरला तो निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही.

इथे कायद्यात दोन खऱ्या फटी आहेत. न्याय संहितेची ७५, ७८ आणि ७९ ही कलमं स्त्रीच्या संरक्षणासाठी आहेत. प्रौढ पुरुषाला व्हीआरमध्ये लैंगिक त्रास झाला तर त्याच्या हातात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७, न्याय संहितेतलं धमकीचं कलम ३५१ आणि बदनामीचं ३५६ एवढंच उरतं. दुसरी फट अवताराच्या रूपाची. स्त्री पुरुषी किंवा एखाद्या प्राण्याच्या अवतारात असेल तर आरोपीचा वकील म्हणणार, ‘ती स्त्री आहे हे माहीतच नव्हतं.’ कलम माणसाला लागतं, अवताराला नाही. तिचा आवाज ऐकू जात होता, तिचं प्रोफाइल दिसत होतं, ती स्वतः बोलली होती, यातलं एक जरी दाखवता आलं तरी हा बचाव बराच ढिला पडतो. ध्वनिमुद्रण इथेही लागतंच.

आणि हद्द? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७५ सांगतं की गुन्ह्यात भारतातला संगणक गुंतला असेल तर गुन्हेगार परदेशात असला तरी कायदा लागू होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९९ नुसार कृती जिथे झाली तिथे आणि परिणाम जिथे झाला तिथेही खटला चालू शकतो. परिणाम इंदिरानगरमध्ये झाला, म्हणून नाशिकला हद्द आहे.

पहिली दहा मिनिटं

लहान मूल असेल तर हेडसेट लगेच काढायला लावा. पुराव्यासाठी त्याला आत थांबवू नका. प्रौढ व्यक्ती असेल आणि धीर असेल, तर क्रम असा ठेवावा: आधी रेकॉर्डिंग, मग समोरच्याचं प्रोफाइल, मग तक्रारीचं बटण, मग ब्लॉक, मग बाहेर.

क्रम यासाठी महत्त्वाचा की बहुतेक लोक आधी ब्लॉक करतात. व्हीआरचॅटमध्ये ब्लॉक केलं की तो तुम्हाला दिसेनासा होतो आणि तुम्ही त्याला. त्रास थांबतो, पण नाव, प्रोफाइल आणि पुढे कॅमेऱ्यात येणारं सगळं त्याच क्षणी हातातून जातं.

मेटाच्या क्वेस्ट हेडसेटमध्ये उजव्या कंट्रोलरवरचं मेटाचं बटण दाबून ठेवून ट्रिगर दाबलं की फोटो निघतो, ट्रिगर दाबून धरलं की व्हिडिओ सुरू होतो. तुमच्या माइकचा आवाज घ्यायचा की नाही, हा पर्याय कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये वेगळा असतो. तो आजच चालू करून ठेवा, कारण तो बंद राहिला तर चित्रफितीत तुमचा ‘नको’ ऐकूच येत नाही. एकदा मित्राबरोबर दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करून दोघांचेही आवाज येतात का ते तपासावं. रेकॉर्डिंग चालू असतानाच समोरच्याचं प्रोफाइल उघडलं की त्याचं नाव चित्रफितीत येतं.

होरायझन वर्ल्ड्समध्ये शेवटच्या काही मिनिटांचा आवाज आणि घडामोडी हेडसेटमध्येच तात्पुरत्या राहतात. नवीन येतं तसं जुनं पुसलं जातं. तुम्ही आतून तक्रारीचं बटण दाबलं, तरच तो तुकडा कंपनीकडे जातो. दुसऱ्या दिवशी ईमेल लिहिला तर पाठवायला काही शिल्लकच नसतं. म्हणून तक्रार आतूनच करायची, आणि लगेच करायची.

संगणकाला जोडून व्हीआरचॅट चालवत असाल तर विंडोजच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमधल्या लोकललो या भागात व्हीआरचॅटच्या नोंदींच्या साध्या मजकूर-फाइली असतात. कोणत्या जगात गेलात, कधी गेलात, त्या वेळी तिथे कोण आलं आणि गेलं, हे त्यांत वेळेसह असतं. या फाइली काही काळाने आपोआप पुसल्या जातात, तेव्हा त्याच रात्री त्यांची प्रत काढा. मुलीने हेडसेट घाईत काढला आणि रेकॉर्डिंग झालंच नाही, तर कित्येकदा हीच फाइल तपासाचा एकमेव धागा ठरते.

हेडसेट काढल्यावर काय करू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. रागाच्या भरात वडील खातं बंद करतात, हेडसेट फॅक्टरी रीसेट करतात, अ‍ॅप काढून टाकतात. यातली प्रत्येक गोष्ट पुरावा नष्ट करते. यंत्र बंद करून बाजूला ठेवा. चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाही पाठवू नका, कारण तिथे ती दाबली जाते, फाइल बदलते आणि तारखेची मूळ नोंदही जाते. यूएसबी केबलने पेनड्राइव्हवर प्रत घ्या, मूळ फाइल हेडसेटमध्ये तशीच राहू द्या, काटछाट करू नका. सोसायटीच्या ग्रुपवर ‘बघा, काय चाललंय’ म्हणून टाकणं तर मुळीच नको. पीडित अठराच्या आतली असेल तर तिची ओळख उघड करणं पोक्सोखाली गुन्हा आहे, आणि अश्लील चित्रण पुढे पाठवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ब तुम्हालाच लागू शकतं.

ठाण्यात काय सांगायचं

नाशिक शहर पोलीस आयुक्तालयाचं स्वतंत्र सायबर पोलीस ठाणं आहे. सिन्नर, निफाड, मालेगावसारख्या ग्रामीण हद्दीसाठी जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे वेगळं आहे. पण तिथेच जायला हवं असं नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्याला हद्द न बघता फिर्याद घ्यावी लागते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली तर तीन दिवसांत सही करावी लागते. न्याय संहितेच्या ७४ ते ७९ या कलमांतल्या गुन्ह्यांत पीडितेची फिर्याद महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचाच अधिकारी करू शकतो, म्हणून साध्या ठाण्यातून प्रकरण सायबरकडे वर्ग होणं स्वाभाविक आहे. घरबसल्या तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० वर फोन करा. मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती कळवणं पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे. विद्यार्थिनीने वर्गशिक्षिकेला सांगितलं असेल तर ‘शाळेचं नाव खराब होईल’ म्हणून ते दाबता येत नाही.

फिर्याद लिहिताना सर्वांत मोठी चूक होते ती भाषेत. ‘माझ्यावर व्हीआरमध्ये अत्याचार झाला’ एवढंच लिहिलं तर ठाणे अंमलदाराला काहीच बोध होत नाही. त्याने कदाचित हेडसेट कधी पाहिलाही नसेल. काय दिसलं, काय ऐकू आलं, कोण किती जवळ होतं, किती वेळ चाललं, ते क्रमाने लिहा. असं काहीसं:

‘मी राहत्या घरी रात्री ९ वाजून १२ मिनिटांनी हेडसेट घालून अमुक नावाच्या आभासी ठिकाणी होते. हेडसेटमध्ये इतर लोकांच्या बाहुल्या, म्हणजे अवतार, दिसतात. त्यांना चालवणारी माणसं खरी असतात आणि त्यांचा आवाज ऐकू येतो. अमुक नावाच्या खात्याचा अवतार माझ्या अवताराच्या अगदी जवळ आला. त्याने माझ्या अवताराच्या छातीवर हात फिरवण्याची हालचाल तीन-चार वेळा केली आणि पुढील शब्द उच्चारले. मी दोनदा “लांब हो” असं मोठ्याने सांगितलं. तो थांबला नाही. ९ वाजून १६ मिनिटांनी मी हेडसेट काढला.’

त्याने उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहा. लाज वाटते म्हणून ‘अपशब्द’ असं लिहिलं तर ७५ आणि ७९ लावायचा आधारच कमकुवत होतो. खाली आभासी जगाचं नाव, त्या खोलीचा क्रमांक, आरोपीचं दिसणारं नाव आणि खात्याचा कायमचा ओळख-क्रमांक द्या. नाव बदलता येतं, हा क्रमांक बदलत नाही. व्हीआरचॅटच्या संकेतस्थळावर प्रोफाइल उघडलं की पत्त्याच्या पट्टीत ‘यूएसआर’ने सुरू होणारी लांबलचक अक्षरमाळ दिसते, ती हीच. हेडसेटचा सिरियल नंबर आणि आपल्या खात्याचा ईमेलही द्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका.

पुढचा तपास आणि तो कुठे अडतो

सुरुवातीलाच तपास अधिकाऱ्याने कंपनीला माहिती जपून ठेवण्याची नोटीस पाठवायला हवी. अमेरिकी कंपन्या अशी विनंती आली की असलेली माहिती साधारण ९० दिवस गोठवून ठेवतात आणि मुदत वाढवताही येते. आपल्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार खातं बंद केलं तरी नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवावी लागते आणि तपास यंत्रणेने लेखी मागितल्यावर ७२ तासांत मदत करावी लागते. म्हणजे आरोपीने घाबरून खातं उडवलं तरी लगेच सगळं संपत नाही. अडचण छोट्या कंपन्यांची. भारतात ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांनाच इथे अधिकारी नेमावे लागतात. परदेशातल्या लहान व्हीआर कंपनीचं इथे कुणीच नसतं, नोटीस ईमेलने जाते आणि उत्तराची वाट बघत बसावं लागतं.

खातं उघडताना दिलेला ईमेल, आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), लॉगिनच्या वेळा ही माहिती कंपन्या तुलनेने सहज देतात. संभाषणाचा मजकूर किंवा ध्वनिफीत हवी असेल तर अमेरिकेबरोबरच्या परस्पर कायदेशीर सहाय्य कराराच्या मार्गाने, केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत जावं लागतं. त्यात महिनोन्‌महिने जातात. मुलाच्या जिवाला धोका असेल तर तातडीच्या विनंतीवर कंपन्या लवकर माहिती देतात, पण ती सवलत प्रत्येक प्रकरणात मिळत नाही. म्हणूनच घरी झालेलं रेकॉर्डिंग इतकं मोलाचं.

आयपी पत्ता मिळाला म्हणजे आरोपी सापडला असंही नाही. मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला असतो. नेमका कोण, हे सांगायला पोर्ट क्रमांक (त्या पत्त्यावरची नेमकी जोडणी दाखवणारा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. कंपनीकडे पोर्ट क्रमांक मागायलाच विसरलं तर दूरसंचार कंपनी हात वर करते. दुसरी चूक वेळेची. परदेशी कंपन्यांच्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत असतात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. नाशिकच्या घड्याळातले रात्रीचे ९.१२ म्हणजे तिथे दुपारचे ३.४२. हा फरक नोटिशीत लिहिला नाही तर कुण्या निरपराध माणसाच्या दारात पोलीस जाऊ शकतात. देशातल्या इंटरनेट कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात, म्हणजे एवढ्या भागापुरता वेळ हाताशी असतो.

आरोपीचा हेडसेट जप्त करताना त्याच्यासोबतचा फोनही घ्यावा लागतो, कारण खातं आणि जोडणी दोन्ही फोनमध्ये असतात. यंत्र वाय-फायपासून तोडून रेडिओ लहरी अडवणाऱ्या पिशवीत ठेवायचं, नाहीतर दुसरीकडून ते पुसलं जाण्याचा धोका असतो. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक आहे. मग फाइलची हॅश काढायची. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या अक्षरांवरून काढलेला एक आकडा. फाइलमध्ये एक ठिपका जरी बदलला तरी तो आकडा बदलतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हा आकडा लिहावा लागतो. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात: यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा एक आणि तज्ज्ञाचा दुसरा. आपल्या उदाहरणात पहिल्या भागावर मुलीच्या पालकांची सही लागेल. हे प्रमाणपत्र नसल्यामुळे चांगला पुरावा न्यायालयात पडतो, आणि तसं झालेलं पाहून फार हळहळ वाटते. नाशिकमध्ये प्रादेशिक न्यायसहाय्यक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे आणि त्र्यंबक रोडवर महाराष्ट्र पोलीस अकादमीही आहे. राज्याचे उपनिरीक्षक जिथे घडतात तिथे प्रशिक्षणात प्रत्येकाच्या डोक्यावर एकदा तरी हेडसेट चढला पाहिजे. अवतार म्हणजे काय हे हातांनी अनुभवलेल्या अधिकाऱ्याला फिर्याद समजावून सांगावी लागणार नाही.

एक वेगळा माग आता दिसू लागला आहे. २०२३ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की ५५ हजारांहून अधिक खेळाडूंमधला एक माणूस केवळ डोकं आणि हातांच्या १०० सेकंदांच्या हालचालीवरून ९४ टक्क्यांहून अधिक वेळा अचूक ओळखता येतो. प्रत्येकाची उंची, हातांची लांबी, वळण्याची लकब वेगळी असते. नाव बदलून नव्या खात्याने आलेला गुन्हेगार यातून ओळखू येईल, ही आशा खरी आहे. पण ही माहिती साठवायची तर सगळ्यांचीच साठवावी लागेल, आणि मग निनावी राहण्याची सोय पीडितेलाही उरणार नाही. सध्या असा माग तपासाची दिशा ठरवायला ठीक आहे, दोष सिद्ध करायला पुरेसा नाही.

आभासी वस्तूंची चोरी

२००७ मध्ये नेदरलँड्समध्ये दोन मुलांनी एका १३ वर्षांच्या मुलाला मारहाण करून, धमकावून रूनस्केप या खेळातला ताईत आणि मुखवटा काढून घेतला. जानेवारी २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही चोरीच ठरवली. आपल्याकडे जुन्या दंडसंहितेत जंगम मालमत्ता म्हणजे मूर्त, हाताला लागणारी वस्तू असं होतं. न्याय संहितेच्या व्याख्येतून ‘मूर्त’ ही अट गेली आहे. त्यामुळे पैसे देऊन घेतलेला आभासी पोशाख किंवा जमीन यांनाही चोरीचं कलम लागू शकतं, असा युक्तिवाद आता करता येतो. मात्र बहुतेक कंपन्यांच्या अटींत ‘वस्तू तुमची नाही, वापरायचा परवाना तुमचा’ असं असतं, आणि आरोपीचा वकील तेच पुढे करणार. व्यवहारात अशा प्रकरणांत न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड जास्त टिकतं. देवाणघेवाणीच्या पावत्या आणि यूपीआयचा तपशील जपून ठेवा.

खाकी अवतार

ऑक्टोबर २०२२ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या महासभेत इंटरपोलने स्वतःचं आभासी कार्यालय उघडलं. जगभरच्या पोलिसांनी तिथे भेटावं, प्रशिक्षण घ्यावं, हा हेतू. त्याच महिन्यात युरोपोल या युरोपीय संघाच्या पोलीस संस्थेनेही व्हीआरमधल्या पोलिसगिरीवर अहवाल काढला. यावरून अनेकांना वाटतं की आभासी जगात पोलीस गस्त घालतात किंवा लवकरच घालतील. आज तशी कोणतीही गस्त तुमच्यावर अधिकार चालवू शकत नाही. आभासी जगात अटक होत नाही, जबाब होत नाही, न्यायालय भरत नाही.

हे ठासून सांगायची गरज आहे, कारण ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दाखवून आयुष्यभराची पुंजी लुटली गेल्याची प्रकरणं आपल्या आसपासच घडली आहेत. व्हिडिओ कॉलमध्ये निदान पडद्याची चौकट दिसते. व्हीआरमध्ये संपूर्ण ठाणं, भिंतीवरचे फोटो, टेबल, फायली, न्यायाधीशाची खुर्ची असं सगळं उभं करता येतं आणि माणूस त्यात आत बसलेला असतो. खाकी अवतार कुणालाही घालता येतो. अशा कुणी पैसे, ओटीपी किंवा आधारचा फोटो मागितला तर हेडसेट काढा आणि स्वतः १९३० वर फोन करा.

घरी आजच करता येईल असं

मुलांचा हेडसेट हॉलमध्ये वापरायचा, आणि जे दिसतंय ते टीव्हीवर किंवा फोनवर कास्ट करून ठेवायचं. घरच्यांचं लक्ष राहतं, शिवाय टीव्हीचं चित्रीकरण फोनने करता येतं. पालक-नियंत्रण चालू करा आणि खात्यात मुलाचं खरं वय टाका. मोठं वय टाकलं की मुलांसाठीची सगळी कुंपणं आपोआप उठतात. होरायझनमध्ये अंतराची हद्द सर्वांसाठी चालू ठेवा आणि अनोळखी माणसांचा आवाज अस्पष्ट करण्याचा पर्याय निवडा. व्हीआरचॅटमध्ये सेफ मोड कुठे आहे ते मुलाकडून दोन-तीनदा करून घ्या. घाबरल्यावर हात सरावानेच चालतात.

आणि ठाण्यात ‘हा खेळातला प्रकार आहे, इथे काही होत नाही’ असं ऐकावं लागलं, तर वाद घालत बसू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ च्या पोटकलम ४ प्रमाणे तीच फिर्याद लेखी स्वरूपात स्पीड पोस्टाने शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि पोचपावती ठेवा. तरीही गुन्हा नोंदला नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. गुन्हा नोंदल्यावर ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि तोवर काही कळलं नाही तर एफआयआरचा क्रमांक घालून लेखी विचारणा करा.